भंगारातून घरी आलेला आप्पांचा लेथ

रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, आमचे हे भंगारात जातात, असं माझी बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. खोटं नाही ते. आयुष्यभर मी तंत्रनिकेतनात पोरांना यंत्रांची चित्रं काढायला शिकवलं. वरून कसं दिसतं, समोरून कसं दिसतं, मधोमध कापलं तर कसं दिसेल. यंत्राला प्रत्यक्ष हात लावायची वेळ फारशी आलीच नाही. पोहण्यावर व्याख्यानं देणारा माणूस कोरड्या अंगानं निवृत्त व्हावा, तसा मी झालो. मग मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमधली स्कूटर विकून टाकली, जमिनीला काँक्रीट केलं, भिंतीला एक दणकट लाकडी टेबल ठोकलं आणि त्यावर वस्तू घट्ट पकडायचा व्हाईस बसवला. माझं वर्कशॉप सुरू झालं.

सुरुवात एका हातानं फिरवायच्या जुन्या ड्रिलपासून झाली. त्याच्यावर गंज इतका होता की दात कुठले आणि खाचा कुठल्या ते कळेना. रॉकेलात भिजवून, तारेच्या ब्रशनं घासून, पॉलिश पेपर मारून आठवडाभरानं त्याच्या अंगावर कारखान्याची अक्षरं उमटली, तेव्हा मला एवढा आनंद झाला की मी बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणलं. ती म्हणाली, "छान आहे. ह्यानं काय करायचं?" ड्रिलमागून जुना ग्राइंडर आला, मग पायानं चालवायची एक करवत आली. प्रत्येक वस्तू दारात आली की बायको म्हणायची, विकतचं दुखणं. आणि दोन दिवसांनी तीच शेजारणीला दाखवायला घेऊन यायची.

पण लेथशिवाय वर्कशॉप म्हणजे देवाशिवाय देव्हारा. लोखंड गरागरा फिरवून त्याला घाट देणारं ते यंत्र. मला नवा नको होता. मला एक विशिष्ट लेथ हवा होता आणि तो अजून कुठं आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं.

आमच्या घरात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एकच फोटो आहे. तो मुळात एका मोठ्या फोटोतून कापून काढलेला. आप्पा इथल्या एका कापड गिरणीत टर्नर होते, गिरणीच्या मशीन खात्यात लेथवर काम करायचे. एका खंडेनवमीला गिरणीत फोटोवाला आला होता, त्यानं आप्पांना त्यांच्या लेथशेजारी उभं करून टिपलं. पुढं त्यांच्यापुरता तुकडा कापून फ्रेम केला, पण खांद्यामागे लेथचा पट्टा चढवायच्या पुलीच्या तीन पायऱ्या आणि त्यावरचं झाकण तेवढं राहून गेलं. झाकण कधीतरी फुटलेलं, पितळ ओतून जोडलेलं. जोडाची ती वाकडी रेघ आप्पांच्या कानापासून निघाल्यासारखी दिसते. लहानपणी मला आप्पांच्या चेहऱ्यापेक्षा ती रेघच जास्त पाठ होती, कारण चेहरा मला आठवतच नाही. ते गेले तेव्हा मी रांगणं सोडलं होतं एवढंच, बोलतही धड नव्हतो.

ते त्याच लेथवर गेले. खंडेनवमीच्याच दिवशी.

बाहेरगावच्या वाचकासाठी सांगतो. खंडेनवमीला आमच्याकडे पान्या-हातोड्यापासून मागापर्यंत, रिक्षापासून बॉयलरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. यंत्र धुवायचं, पुसायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा. एकदा पूजा झाली की यंत्र बसलं. दसरा उजाडेपर्यंत ते चालवायचं नाही आणि त्याच्या अंगावरचा हार काढायचा नाही. आप्पांनी त्या दिवशी पूजेनंतर लेथ चालवला. बॉयलरला पाणी देणाऱ्या पंपाचा दांडा तुटला होता, साहेब घरी बोलवायला आले, तेवढं करून देतो म्हणून आप्पा गेले. शर्टाची बाही फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे लेथवर लावलेल्या लोखंडात, अडकली, असं आम्हाला सांगण्यात आलं.

बाही का अडकली, ह्यावर आमच्या घरात दोन पक्ष. अव्वा, म्हणजे आमची आई, म्हणायची, "पूजा झालेल्या मशीनला हात लावला. देवी कोपली." आणि अक्का, माझी थोरली बहीण, म्हणायची की देवीचा काही संबंध नाही, जुनाट मशीन, ना जाळी ना आडोसा, गिरणीवाल्यांनी माणूस मारला आणि खापर देवीवर फोडलं. अक्का अकलूजला शाळेत शिकवायची, पुढं हेडबाई झाली. अंगात येणं, करणी, भानामती, सगळ्यावर ती गावोगाव भाषणं देत फिरली, आणि ह्या सगळ्याची सुरुवात आमच्या स्वयंपाकघरातल्या भांडणातून झाली, हे तिनंच मला सांगितलंय. दर दसऱ्याला ती यायची आणि दर दसऱ्याला भांडण ठरलेलं. "देवी काय माणसं मारत हिंडते का गं? तुझ्यासारख्या बायकांमुळंच देश मागं राहिला." अव्वा भाकरी थापत ऐकून घ्यायची. फार झालं तर म्हणायची, "कोपली बाई. तू न्हवतीस तितं." मी अर्थातच अक्काच्या बाजूचा. शिकलेला माणूस ना मी.

म्हणून मला तो लेथ हवा होता. यंत्र खोटं बोलत नाही असं मी वर्गात सांगायचो. उघडून बघितलं की दोष कुठं होता ते दिसेल, आणि अव्वाच्या डोक्यातली देवी तिच्या हयातीत तरी शांत होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

गिरणी बंद पडून जमाना झाला. मशिनं लिलावात गेली, वितळली, कुठली कुठं गेली. मी भंगारवाल्यांकडे नुसता चकरा मारायचो. एका गोदामात, मोडक्या मागांच्या ढिगामागं, एक लेथ उभा होता. त्याच्या पुलीच्या झाकणावर पितळेची वाकडी रेघ होती. बाप रस्त्यात भेटला तर माणूस काय करेल? मी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

भंगारवाला भला माणूस. म्हणाला, "चाचा, ये नको लेव. इसपे आदमी गया सो है. मिल में भी कोने में पड़ेला था, कोई हाथ नै लगाता था. मेरे अब्बा लाए, गलाने की हिंमत नै हुई."

"मालूम है," मी म्हणालो. आणि पैसे मोजले.

क्रेनवाल्यानं तो साखळीला टांगून अंगणात उतरवला तेव्हा अव्वा पायरीवर बसून शेंगा फोडत होती. लेथ हवेत हळूहळू फिरला आणि झाकणाची बाजू तिच्याकडे आली. तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला, जसा ती एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषासमोर घेते तसा, आणि म्हणाली, "कशाला आनलास रं ह्याला?" उत्तराला न थांबता ती आत गेली. त्या दिवसापासून ती मागच्या अंगणात आली नाही. तिची तुळस होती तिथं. तिला पाणी घालायचं काम बायकोकडे आलं.

घर बदललं, हे कबूल करायला हवं. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी शेडचा पत्रा तापला की कडकड वाजायचा आणि त्याच्या खालोखाल लेथही कुठंतरी आतून टक् करायचा. लोखंड तापून प्रसरण पावतं, मी बायकोला समजावलं. ती म्हणाली, "ड्रिल पण लोखंडाचंच आहे. ते नाही करत." दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराला लिंबू-मिरची टांगलेली होती. मी चिडलो, काढून टाकीन म्हणालो. काढली नाही. खरं सांगतो, त्या दिवसांत मी लेथकडे पाठ करून काम करत नसे. टेबलाशी कानस घासत असलो तरी अंग तिरकं ठेवायचो. मला भूत वगैरे काही वाटत नव्हतं. पण कुणीतरी काम अर्धवट टाकून चहाला गेलंय आणि आता येईल, असं वाटत राहायचं.

एक एक भाग खोलत गेलो. वंगण वाळून डांबर झालं होतं. कापायचं हत्यार पुढंमागं सरकवायच्या हँडलची मूठ एका बाजूनं झिजून गुळगुळीत झाली होती. मी ती धरली तर माझा तळहात त्या झिजेत बरोबर बसला. मी पटकन हात काढून घेतला. मग पुन्हा धरला. आप्पा ह्या जागी उभे राहायचे, असेच वाकायचे. आज मी त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, माझे केस पांढरे, गुडघे दुखतात, आणि ते त्या फोटोत काळ्याभोर मिशीचे. आपल्याहून लहान बापाची आठवण काढताना काय म्हणावं ते सुचत नाही. मी रडलो. बायकोला सांगितलं, रॉकेल डोळ्यात गेलं.

पण मी रडायला आणला नव्हता, दोष शोधायला आणला होता. मशीन चालू-बंद करायला पट्टा सरकवायचा दांडा आपोआप सुटतो का, बघितलं. नाही सुटत. बेअरिंगं ठीक. गिअर ठीक. कुठं दात मोडलेला नाही, कुठं काही ढिलं नाही. अपघातानंतर कुणी हातच न लावल्यामुळं मशीन होतं तसं राहिलं होतं, आणि ते मशीन उत्तम होतं. आप्पांनी लेकरासारखं सांभाळलेलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी हिरमुसलो. अक्काला काय सांगू?

शेवटी चक राहिला. चक म्हणजे लेथचा पंजा, ज्यात जॉब धरून फिरवतात. तो आट्यांवर घट्ट बसला होता. गॅसची ज्योत लावून तापवला, लाकडाचा दांडा अडकवून जोर केला, तेव्हा कुरकुरत सुटला. त्याच्या मागं, जिथं फिरता दांडा बेअरिंगमध्ये शिरतो तिथं, एक काळं कडं होतं. मला वाटलं वंगणाचा थर आहे. खरवडला तर तो उलगडायला लागला. दोरी होती. गुंडाळून, गुंडाळून, दाबून दांड्यावर चढलेली.

रॉकेलात घालून धुतली तेव्हा ती पांढरट निघाली. बारीक, पिळाची, मजबूत. ही दोरी मी ओळखत होतो. आमच्या गल्लीत तेलुगू विणकरांची घरं होती. चादरीवर नक्षी काढणाऱ्या जकार्डाच्या मागाला वरून शेकडो दोऱ्या लोंबत असतात, त्यातली ही. हातानं तुटता तुटत नाही. आणि तिच्यावर बोटा-बोटाच्या अंतरानं गाठी होत्या, प्रत्येक जागी दोन दोन. हार ओवताना फुलाच्या देठाला मारतात तशा.

मी खाली बसलो. बाही अडकलीच नव्हती.

सगळं आपसूक समोर आलं. पूजा झालेल्या मशीनचा हार काढायचा नाही. आप्पा देवभोळे. त्यांनी हार काढला नसणार, नुसता मागं सारला असणार, आणि मशीन सुरू केलं असणार. हार घसरून चकात गेला. साध्या सुतात ओवलेला असता तर फुलं उधळली असती, सूत तटकन तुटलं असतं आणि आप्पा जीभ चावून देवीला हात जोडून पुन्हा कामाला लागले असते. ही दोरी तुटली नाही. हार ओढून काढायला त्यांनी हात घातला असेल, किंवा तो आधीच मनगटावर आला असेल.

लेथला घालायचा हार घरूनच जायचा, आणि आमच्या घरात हार अव्वाच करायची. अजूनही करते. माझ्या मनात आलं, हे तिला कळता कामा नये. ती म्हणते तेच बरं, देवी कोपली. ज्या देवीला पळवून लावायला मी हा खटाटोप मांडला, तिचा पहिल्यांदाच आधार वाटला.

दोरी टेबलावर होती आणि मी ती कुठं टाकावी ह्या विचारात असतानाच दारात सावली पडली. अव्वा. भर दुपारी, काठी टेकत, तुळस ओलांडून, ती शेडमध्ये आली होती. चक काढताना ठोकाठोकी झाली ती आत ऐकू गेली असावी. मी टेबलाच्या आड उभा राहिलो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं.

"सरक की," ती म्हणाली.

मी सरकलो. तिनं दोरीकडे बघितलं. हात लावला नाही.

"एवढीच राह्यली व्हती व्हय आत," ती म्हणाली. "बाकीची म्या काढली व्हती. हातात रुतली व्हती त्यांच्या. विळीनं कापावी लागली."

"अव्वा, तुला माहीत होतं?"

"मग काय."

"तुझी काय चूक आहे त्यात? तू हार केलास, तुला काय स्वप्न पडलं होतं..."

"म्या न्हाय केला." ती चौकटीला टेकली. "त्या साली म्या बाजेवर व्हते, तुज्या पाठची गेली तवा. अक्कानं केला हार. ल्हान पोर, हातात बळ न्हाय, सूत सारखं तुटायचं. मग शेजारच्या मागावरनं दोरी मागून आनली. दोन दोन गाठी मारल्या. लई नाचली, माजा हार तुटनार न्हाय म्हनून."

पत्रा कडकड वाजत होता.

"त्यांना घरी आनलं तवा गिरनीतल्या मान्सांच्या पाया पडले म्या. बाही म्हना म्हनलं, हार म्हनू नका. अन् पोरगी मला इचारती, अव्वा, माजा हार कुटंय? काय सांगू तिला? म्हनलं, देवीनं घेतला. देवी कोपली व्हती." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लोक म्हनले, पोरीच्या डोक्यात भलतं भरवू नको. म्हनलं, भलतंच भरू दे."

अक्काची सगळी भाषणं माझ्या कानात घुमायला लागली. देवी काय माणसं मारत हिंडते का. तुझ्यासारख्या बायकांमुळं. इतकी वर्षं, दर दसऱ्याला, भाकरी थापत. आणि तिच्या बाजूला मी, हातात घास धरून, मान डोलावत. मी अव्वाचे पाय धरायला वाकलो तर तिनं काठीनं मला अडवलं.

"नाटक नको. ती दोरी चुलीत घाल आन् मशीन बांद."

मी दोरी बंबात जाळली. मशीन बांधलं. सगळे भाग तेल लावून बसवले, मोटर जोडली, पट्टा चढवला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा एवढा मऊ आवाज आला की मला वाटलं चाललंच नाही.

खंडेनवमीला अक्का अकलूजहून एसटीनं आली. दारातच पिशवी माझ्या हातात देऊन तडक मागं गेली. लेथ धुऊन पुसून उभा होता, हळदकुंकू लावलेला. ती त्याच्याभोवती एकदा फिरली. मग फोटोतली पितळेची रेघ तिनं बोटानं शोधली, आणि माझी ती करारी बहीण, जिनं आयुष्यात मांत्रिकांना पळवून लावलं, ती लेथच्या थंड अंगावर गाल टेकवून उभी राहिली.

"तम्मा," ती म्हणाली. लहान भावाला आम्ही कानडीत तम्मा म्हणतो. "त्या वर्षीचा हार मी केला होता, तुला माहितीये? अव्वा आजारी होती. लेथला घालायच्या आधी आप्पा हातात धरून दाखवत फिरले गल्लीभर, माझ्या पोरीनं केला म्हणून. मी पुष्कळदा विचार करते, निदान तेवढं तरी माझ्या हातून त्यांना मिळालं." तिनं डोळे पुसले आणि हेडबाईंचा आवाज परत आला. "बरं, निकाल सांग आता. एवढं उघडून बसलास. काय दोष निघाला मशीनमध्ये? हिच्यासमोर सांग, म्हणजे एकदाचं मिटेल."

अव्वा पायरीवर ताट घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. कुंकवात पाणी घालून ती कालवत राहिली.

"काही निघालं नाही," मी म्हणालो. "मशीन चांगलं होतं, अक्का. पूजेनंतर चालवायला नको होतं. देवीच कोपली असेल."

अक्का आधी हसली. थट्टा करतोय असं तिला वाटलं. मग माझा चेहरा बघून तिचं हसू गेलं. "तू? तू बोलतोयस हे? जन्मभर मास्तरकी करून?"

मी मान डोलावली. लाज वाटली नाही. एवढं खरं मी कधी खोटं बोललो नव्हतो.

ती अव्वाकडे वळली. म्हातारीवर असं ओरडू नये, पण तिला फार लागलं होतं. "झालं समाधान? एक भाऊ होता माझ्या बाजूनं. त्यालाही बिघडवलंस तू."

"व्हय बाई," अव्वा म्हणाली, "मीच बिगडवलं."